खिडक्या लावून गाणं

गाणं लावण्याआधी अण्णा घरातल्या सगळ्या खिडक्या लावून घेत. बडोद्याच्या मे महिन्यातसुद्धा! आमच्या गोत्रीच्या सोसायटीत त्यावरून बरीच चेष्टा चाले. "आपल्याला फुकट ऐकू येईल ना!" असं मीही एकदा हसत म्हटलं होतं. आठवलं की अजून जीभ चावते. मी तर त्यांच्या समोरच्याच दारात राहायचे, आणि दार सताड उघडं टाकून गाणं ऐकणारे अण्णा मी डोळ्यांनी पाहिले होते.

तेव्हा त्यांच्याकडे सासऱ्यांनी लग्नात दिलेला पेटीसारखा रेकॉर्ड प्लेअर होता. रविवारी सकाळी जिनाभर सूर पसरायचे. मी शाळेच्या वह्या तपासत बसलेली दिसले की हाक यायची, "या मास्तरीणबाई, चहा झालाय, गाणं व्हायचंय." काकू स्वयंपाकघरात असायच्या. "हिला त्यातलं काही कळत नाही," असं अण्णा कौतुकानंच सांगायचे. पण गाणं चालू असताना काकू कधी मिक्सर लावत नसत, आणि ते आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

निवृत्तीनंतर अण्णांना चांगल्या आवाजाची ओढ लागली. परदेशी माल तेव्हा दुकानांत उघडपणे दिसू लागला होता. जुन्याला नवं कार्ट्रिज, म्हणजे सुई बसते तो भाग, लावावं म्हटलं तर सुई धरणारी जुनी दांडी फार जड. मग दुसरा प्लेअर घ्यायचा आणि जुनाही ठेवायचा, की जुना देऊन एकच उत्तम आणायचा? महिनोन्महिने हाच विषय. दूधवाल्यालासुद्धा त्यांनी विचारलं असेल. "काकूंना विचारलंत का?" मी म्हटलं, तर म्हणाले, "तिला काय विचारायचं त्यात? आणि दोन-दोन ठेवायला मी काय मंडपवाला आहे?"

पाणीगेटच्या दुकानदारानं निकाल लावला. "काका, जूनुं आपी दो ने, नवुं लई जाव!" जुना तिथंच देऊन अण्णा रिक्षातून नवा प्लेअर मांडीवर घेऊन आले. आवाज असा की गाणारा खोलीत येऊन बसलाय. आठवडाभर आम्ही सगळे ऐकायला जात होतो. काकू चहा देत होत्या.

मग दिवाळी आली. पहिली आंघोळ झाली की त्या घरात सनईची एक रेकॉर्ड लागे. काकूंच्या माहेरची, जुनी, जाड. त्यांचे वडील लावायचे म्हणून इथेही लागायची. मी फराळाचं ताट घेऊन गेले, तेव्हा काकूंनी ती पदरानं पुसून अण्णांच्या हातात दिली होती. अण्णा नव्या प्लेअरचं बटण फिरवत होते. जुन्या रेकॉर्डना लागणारा वेग त्यात नव्हताच. तरी त्यांनी सुई टेकवली, आणि सनई अशी रखडत, रडत निघाली की मला तिथून पळावंसं वाटलं.

"राहू द्या," काकू म्हणाल्या. "फराळ करून घ्या." एवढंच. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं हो!

दिवाळीत बाजार बंद. लाभपाचमेला दुकान उघडायच्या आधीच अण्णा पाणीगेटला जाऊन उभे राहिले. जुना प्लेअर करजणच्या कुणी नेला होता. अण्णा करजणलाही जाऊन आले. तिथं तो मोडून सुटे भाग काढलेले. संध्याकाळी जिन्यात भेटले, तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, "सासऱ्यांची वस्तू मी बदलून घेतली. तिचं माहेर दिलं मी दुकानदाराला." त्या माणसाची मान त्यानंतर घरात कधी सरळ झालीच नाही. काकूंसमोर ते गाणं लावेनात. संध्याकाळी काकू देवळात गेल्या की खिडक्या लावायचे आणि हळू आवाजात ऐकायचे. जिन्यात त्यांच्या चपला वाजल्या की बंद. "ऐकल्याशिवाय राहवत नाही, मास्तरीणबाई. निर्लज्ज आहे मी," असं एकदा म्हणाले.

अण्णा गेले. तेरावं झाल्यावर मी काकूंकडे बसले होते. संध्याकाळ झाली म्हणून सहज विचारलं, "देवळात जायचंय का? मी येते सोबत."

"मला कुठलं आलंय देऊळ!" काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं खाली बाकावर बसत होते. मी घरात असले की त्यांना लाज वाटायची. मी बाहेर पडल्याशिवाय लावायचेच नाहीत, मग काय करू?"

मला मान वर करवेना. त्यांना कधी सांगितलंत का, हे विचारायची तर हिंमतच झाली नाही.

"लाव," त्याच म्हणाल्या. "खिडक्या उघड आधी."

मी खिडक्या उघडल्या, सुई टेकवली. पहिला सूर आला तशा काकू उठल्या, दारापाशी गेल्या आणि चपला घालू लागल्या. एक घातल्यावर थांबल्या. आणि तशाच, एका पायात चप्पल घालून, दाराजवळच्या खुर्चीत बसल्या.