मी आणलेली कॉइल

दाजी गेल्याचा निरोप येलदरीला आला, तेव्हा मी पाटबंधारे कचेरीत टपाल नोंदवत होतो. हातातलं पाकीट नोंदवलं, पुढचंही नोंदवलं... मग उठलो. दीड महिना झाला, तेव्हापासून एका जागी बसवत नाही.

दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान, सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. शिक्षण सातवी. एका म्हाताऱ्या डॉक्टरांची निजामाच्या काळातली काळी मोटार त्यांनी घेतली आणि अक्काच्या भाषेत घरात सवत आणली. कशालाही आधी तळहात लावून बघायची त्यांना सवय होती. इंजिन असो, चहाचा पेला असो की पोराचं कपाळ.

गाडीची कॉइल, म्हणजे इंजिनाला ठिणगी पुरवणारी डबी, जळाली तेव्हा मी नांदेडला निघालो होतो. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली, शिवाय तोंडी दोनदा बजावलं, की बाहेरून रेझिस्टन्स लावावा लागतो तसली आणू नको, आपल्या गाडीत ती सोय नाही, नुसती लावली तर तापून गाडी बंद पडते. मी नवाकोरा बी.एस्सी., तेही फिजिक्स घेऊन. फिटरची चिठ्ठी दुकानात काढायची मला लाज वाटली. बारा व्होल्टची द्या म्हणालो, दुकानदारानं हाताला लागली ती दिली.

चारच दिवसांनी परभणीला माझी विज्ञानशिक्षकाची मुलाखत होती. विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगल पेटलेली, एस.टी. बंद, रेल्वे अडवलेली. जिनिंगला सुट्टी टाकून दाजी गाडी काढायला लागले. नवी कॉइल बसवायला हातात घेतली आणि थबकले.

"चिठ्ठी दाखवली व्हती ना, बापू?"

मी हो म्हणालो.

पेडगावच्या अलीकडं गाडी बंद पडली. दाजींनी कॉइलला हात लावला आणि झटक्यात मागं घेतला. ओलं फडकं गुंडाळून म्हणाले, थंड झाल्याबिगर चालू व्हायची न्हाई. मी रस्त्यावर येरझाऱ्या घालत राहिलो. लांब शिवारात धूर दिसत होता. दाजी त्याच्याकडं एकटक बघत होते. तो कुणाच्या वस्तीचा, हे विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. माझं सगळं लक्ष घड्याळात. पोचलो तेव्हा मुलाखती आटोपल्या होत्या.

घरी आल्यावर अक्कासमोर मी म्हणालो, "तुमच्या डबड्यानं माझी नोकरी खाल्ली." दाजी हात धूत होते, धूतच राहिले. पुढं येलदरीला कारकुनी लागली, पण त्या गाडीत मी पुन्हा पाय ठेवला नाही. इतकी वर्षं!

परवा अक्काकडं गाडी बघायला एक मेकॅनिक आला, मी तिथंच होतो. बॉनेट उघडून हसला. कॉइलशेजारी पांढऱ्या चिनीमातीचा एक तुकडा तारेनं जोडलेला होता. "हे रेझिस्टन्स मागाहून बसवलंय. कुनीतरी चुकीची कॉइल आणली आसंल. फेकून न देता हिलाच सांभाळून घेतलंय. काम लय सफाईचं हाय."

अक्काला म्हणालो, ती कॉइल मी आणली होती, चिठ्ठी दाखवलीच नव्हती.

"ठाव हाय," अक्का म्हणाली. "त्याच दिवशी बोलले मला. बापूला कळू देऊ नको म्हनले, आधीच त्याची नोकरी गेली."

मी मेकॅनिकला गाडी चालू करायला सांगितली. पाव तास तशीच चालू ठेवायला लावली. मग कॉइलवर तळहात ठेवला. नुसती कोमट होती.