मुंगसाची वाट

आमच्या नव्या सोसायटीच्या कुंपणभिंतीला तळाशी एक चौकोनी भोक आहे. भिंत बांधताना आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी ते मुद्दाम ठेवायला लावलं. "मुंगूस आपल्या आधीपासून इथून ये-जा करतंय. त्याला आता गेटवर नाव लिहून यायला सांगणार का?" असं त्यांनी गवंड्याला विचारलं. तो हसला आणि त्यानं दोन विटांची जागा मोकळी सोडली.

पण भिंत झाली, आम्ही राहायला आलो, तरी मुंगूस दिसेना. सोसायटीच्या जागी आधी होता त्या माळावरचं गवत गेलं तसं तेही गेलं, असं धरून मी चालत होतो. नव्या घरात तेवढंच काय ते खुपायचं.

आज सकाळी बाल्कनीत चहा पिताना त्या भोकातून एक टोकदार नाक बाहेर आलं. मागून अंग आलं, झुपकेदार शेपूट आली. स्कूलबसची वाट बघणारी पोरं लगेच त्याला रामाची शपथ घालू लागली, तोंड दाखव म्हणून. लहानपणी आम्हीही घालायचो. मुंगसाचं तोंड दिसलं की दिवस चांगला जातो. वरच्या मजल्यावरून काकूही शपथ घालत होत्या, पोरांपेक्षा मोठ्यानं.

मुंगूस थांबलं. मान वळवून त्यानं आम्हा सगळ्यांकडे निवांत बघितलं, जुन्या घरमालकानं नव्या भाडेकरूंकडे बघावं तसं.