पिवळ्या पट्ट्यांतलं स्टूल

सुषमाताईचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती, शिव्या देत होती. मामा गेला, हे मला त्या शिव्यांवरून कळलं...

लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत मामा हमालांच्या टोळीचा मुकादम होता. गल्लीच्या तोंडाशी रस्त्यावर पिवळे पट्टे आहेत. टेम्पोने तिथे थांबायचं, माल उतरवायचा आणि निघायचं. हे पट्टे आखून घ्यायला मामाने वॉर्ड ऑफिसात वर्षानुवर्षं चपला झिजवल्या. मी तेव्हा कॉलेजात होते, पत्रकं लिहायचे. 'माणसाच्या पाठीपेक्षा मोटार मोठी आहे काय?' असं जळजळीत काहीतरी लिहून मी त्याला दाखवलं. तो म्हणाला, "ह्या वाचून टेम्पो थांबतलो?"

पट्टे मिळाले. मग समोर मिलच्या जागेवर टॉवर झाला आणि तिथल्या पाहुण्यांच्या गाड्या पट्ट्यांत विसावू लागल्या. मामाने घरातलं लाकडी स्टूल आणून मधोमध ठेवलं. टेम्पो आला की उचलायचं, गेला की पुन्हा ठेवायचं. एकदा मी त्यावर टेकले, तर गल्लीदेखत ओरडला, "उठ आधी! तां बसाक नाय, जागा धरूक आसा."

तो प्रेमळ होता असं मी लिहिणार नाही. सुषमाताई त्याची एकुलती एक मुलगी. तिच्या पाठवणीची सजवलेली गाडी पट्ट्यांत उभी राहिली, तर त्याने बोनेटवर थापा मारून ती हाकलली. ड्रायव्हर म्हणाला, "काका, नवरी चढवायचीय!"

"नवरी म्हणजे माल नाय. मेन रोडला लाव."

शालू उचलून, हातगाड्यांमधून वाट काढत ताई सासरी गेली. पुढे कितीतरी महिने ती त्याच्याशी बोलली नाही.

मामा गेला त्या दुपारी टेम्पो आला तेव्हा पट्ट्यांत एक मोटार होती आणि स्टूल फुटपाथवर सारलेलं. टेम्पो मेन रोडलाच थांबला. टोळीत माणसं कमी, म्हणून मामाने त्या वयात मिरचीची गोणी पाठीवर घेतली. रस्ता ओलांडताना तो कोसळला. गोणी फुटली, ठसका उठला आणि बघायला जमलेली माणसं नाकाला रुमाल लावून मागे सरली. तेवढ्यात मोटारवाला आला. "ये मिर्ची कौन हटाएगा? गाडी निकालनी है." टोळी मामाला उचलत होती. मोटार मिरच्यांवरून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिथल्या पुढाऱ्याने श्रद्धांजलीचा मांडव घातला. कुठे? पिवळ्या पट्ट्यांत. फ्लेक्सवर मामा लहान, पुढारी मोठा, खाली 'कष्टकऱ्यांचा आधारवड'. मामाचा एकही अर्ज या माणसाने कधी उघडून वाचला नव्हता. आता टेम्पो रोज मेन रोडला थांबू लागले. मामाची माणसं गोण्या पाठीवर घेऊन मांडवाला वळसा घालायची, आणि वाकलेल्या मानेनेच त्याच्या फोटोला नमस्कारही करायची. शोषणावर मी ढीगभर पत्रकं लिहिली आहेत. शोषणाला इतका ताजा हार घातलेला कधी पाहिला नव्हता.

तिसऱ्या दिवशी ताई आली. "दोऱ्या सोडा."

टोळीतला ज्ञानू कळवळला. "ताई, तेराव्यापर्यंत ऱ्हाऊ द्या की. मुकादमांचा मान हाय."

"माझी लग्नाची गाडी ठेवली नाही त्यांनी. हे ठेवलं असतं?"

कुणी हलेना. शेवटी तिनेच गाठी सोडल्या, फोटो काखेत मारला आणि स्टूल आणून पट्ट्यांत ठेवलं. पुढाऱ्याची पोरं नुसती बघत राहिली.

परवा गेले होते. कुठल्याशा मोटारीने धडक देऊन स्टुलाचा एक पाय मोडलाय. ताईने त्याला फळकूट ठोकलंय. कामावर जाण्याआधी ती रोज तिथे उभी असते, येणाऱ्या गाड्यांच्या बोनेटवर थापा मारत. उन्हातून चालून मी दमले होते, जरा टेकले...

ताई घरातसुद्धा कधी मालवणी बोलत नाही.

"उठ आधी," ती सगळ्या गल्लीदेखत ओरडली. "तां बसाक नाय!"