पुनारामचा कान

आमच्या गावात जो गुरांना इंजेक्शन देतो तोही डॉक्टर. मी सरकारी दवाखान्यात पट्टीबंधक, म्हणजे जनावरांची मलमपट्टी करणारा, तरी मीही डॉक्टरच. पुनाराम कटरे यांनी मला पहिल्यांदा हाक मारली तेव्हा मला वाटलं, यांची म्हैस आजारी असेल.

"डॉक्टर, एक मिनिट या जी. इथं बसा. काई बोलू नका."

मी बसलो. त्यांनी रेकॉर्ड लावली आणि डोळे मिटले. त्यांचं ते एक मिनिट नऊ वर्षं चाललं, दर रविवारी सकाळी.

पुनारामभाऊ तिरोड्याच्या एका राइस मिलमध्ये एकतीस वर्षं फिटर होते. मिलमध्ये शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागतं. त्या गदारोळात हा माणूस मशीनला पेचकसाचं टोक टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि सांगायचा, "तिसरी बेरिंग जाऊन राहिली. दोन दिस टिकन." बेरिंग दोन दिवसच टिकायची. मालकाने सगळ्यांना कानात घालायला बोळे दिले होते. इतरांनी निदान महिनाभर ते घातले, यांनी एक दिवसही नाही. म्हणायचे, "कान बंद केला तं बेरिंग कोण ऐकन, मालक?"

मिलमधला पगार घरात जायचा आणि ओव्हरटाइम रेकॉर्ड ऐकायच्या या खोलीत. नागपूरच्या जुन्या बाजारातून आणलेला रेकॉर्ड प्लेअर, स्वतः जोडलेला अॅम्प्लिफायर आणि सागाच्या फळ्यांचे छातीएवढे दोन स्पीकर. खोली मुळात धान ठेवायची. मागच्या भिंतीला पोत्यांची थप्पी असली की बास, म्हणजे खालचा जाड आवाज, कसा घट्ट यायचा, आणि धान विकलं की खोली घुमायची. म्हणून भाऊ शेवटची वीस पोती विकायला तयारच नसत. त्यांच्या बायकोचं, चंद्रकांतावहिनींचं, यावर एक ठरलेलं वाक्य होतं. "लोक भाव पाहून धान विकतेत, आमच्या घरी बास पाहून."

बिनपैशाने लोकांचे सेट लावून देणं हा त्यांचा दुसरा नाद. कोहमाऱ्याला ढाबा चालवणारा गोवर्धन आपला अॅम्प्लिफायर मोटरसायकलला बांधून इतक्या लांब यायचा. सेट कुणाचाही असो, आवाज पुनारामच्या कानाने लावला की त्यावर वाद नसायचा. भाऊंना मानपान, सत्कार कसलीच हौस नव्हती, पण कानाचं नाव काढलं की स्वारी खुलायची.

पाचेक वर्षांपूर्वी एका रविवारी ते म्हणाले, "डॉक्टर, या रेकॉर्डवरची झांज मेली."

मला झांज व्यवस्थित ऐकू येत होती. पण मी कोण? मी म्हशीचं पोट ऐकणारा माणूस. मी मान हलवली.

तिथून सगळं बिघडत गेलं. त्यांनी सुई बदलली, मग वायर बदलली, मग दोन्ही स्पीकरमधले वरच्या सुरांचे छोटे भोंगे नवे बसवले. झांज काही जिवंत होईना. मग ट्रेबलचं, म्हणजे वरच्या सुरांचं, बटण थोडं थोडं उजवीकडे सरकू लागलं. गाणाऱ्या बाईच्या गळ्यातून शिट्ट्या निघायला लागल्या, सतारीने माझे दात आंबायला लागले. एकीकडे वहिनी तीनदा हाक मारायच्या आणि भाऊंना पत्ता नसायचा, खिशातला फोन वाजून बंद व्हायचा. मी काही बहिरा नव्हतो आणि मूर्खही नव्हतो. मला कळलं होतं.

"कसं वाटून राहिलं?" ते विचारायचे.

"छान," मी म्हणायचो.

आता याला कुणी दया म्हणेल. दया थोडी होती, भित्रेपणा जास्त. ज्या माणसाने आयुष्यभर कानावर इज्जत कमावली, त्याला तुझा कान गेला म्हणून कुणी सांगायचं? मी सांगितलं नाही. गोवर्धननेही सांगितलं नाही, हे मला नंतर कळलं.

गेल्या पौषात, धान घरात आल्यावर, भाऊंनी मला बोलावलं. चेहरा उतरलेला होता. "डॉक्टर, सारं बदलून पाह्यलं. आता एकच पार्ट राह्यला," म्हणाले आणि स्वतःच्या कानाला बोट लावलं. 

त्यांनी गोंदियाहून तपासणीची एक सीडी आणि ती वाजवायला प्लेअर आणवला होता. तिच्यावर गाणं नव्हतं, नुसते आवाज होते. पहिला अगदी जाड, मग एकेक बारीक होत जाणारा, असे पंधरा. दोघांनी डोळे मिटून हात वर धरायचा आणि ऐकू येईनासं झालं की खाली करायचा. "तुमचा हात माह्या हातासंगं खाली आला तं सीडी खराब. माहा आधी आला तं..." 

मी डोळे मिटले नाहीत. सहावा आवाज आला, त्यांचा हात वर होता. सातवा आला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. मान पुढे गेली, ओठ घट्ट झाले. आठव्याला हात हळूहळू खाली आला. मला तो आवाज कुकरच्या शिट्टीसारखा स्वच्छ ऐकू येत होता. मी माझा हात खाली केला.

त्यांनी डोळे उघडले. "तुमचा बी?"

"हो."

काय उजळला तो चेहरा! "मंग सीडीच बेकार आहे जी! मी उगाच..." ते हसले, मांडीवर थाप मारली. मीही हसलो. सीडी बंद करायचं आम्हा दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. त्यांच्या लेखी ती मुकी होती आणि मी त्यांच्या हसण्याकडे बघत होतो.

तेवढ्यात वहिनी अंगणातून आल्या. हाताला धानाचा भुसा, दोन्ही तळवे कानांवर. "अजी, बंद करा ना ते! कानात काडी घातल्यावानी होऊन राहिलं. अंगणातल्या कोंबड्या बी पळून राहिल्या..."

भाऊंचं हसू तसंच राहिलं. त्यांनी सीडी प्लेअरच्या आकड्याकडे पाहिलं. बारा. मग माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं.

त्यांनी वहिनींना विचारलं, "कवापासून व?"

"चार-पाच वर्सं झाले असतीन."

"सांगतलं काऊन नाई?"

वहिनी पदराने हात पुसत राहिल्या. "तुमी किती खुश राहत होते इथं बसून," म्हणाल्या आणि रडायला लागल्या. भाऊ रडले नाहीत. ते उठले, त्यांनी एक रेकॉर्ड लावली आणि वहिनींना म्हणाले, "ये. हे बटण घे. तुले गोड लागन तिथं ठेव."

वहिनींनी बटण डावीकडे फिरवलं. फिरवत गेल्या, फिरवत गेल्या आणि एका ठिकाणी थांबल्या. इतक्या वर्षांनी ती गाणारी बाई माणसासारखी गायली. मला बरं वाटलं आणि त्या बरं वाटण्याची लाजही वाटली, कारण भाऊ स्पीकरच्या जाळीला कान लावून उभे होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ज्यांचे ज्यांचे सेट लावून दिले होते, त्या सगळ्यांना फोन लावायला ते बसले. फोन स्पीकरवर ठेवून, ओरडून. "गोवर्धन, तुह्या मशीनचा ट्रेबल कमी कर रे. माहा कान गेला. चुकीचा लावून देल्लो मी."

"कवाचाच केला जी, भाऊ," गोवर्धन पलीकडून म्हणाला. "तिथून घरी नेला की मी कमीच करत होतो."

पुढच्यांनीही तेच सांगितलं. एकाने तर भाऊंचं मन राखायला वर म्हटलं, बटण आपोआप सरकलं असेल. भाऊ प्रत्येकाला "बरं, बरं" म्हणाले. सहावा फोन झाल्यावर त्यांनी उरलेली नावं सोडून दिली.

मी पुढच्या रविवारीही गेलो. न जाणं आणखी वाईट दिसलं असतं. बटण वहिनींनी ठेवलं तिथेच होतं. भाऊंनी रेकॉर्ड लावली. ढोलक त्यांना समजत होता, मांडीवर बोटं चालत होती. मध्येच बोटं थांबली.

"डॉक्टर, आता इथं झांज आहे. वाजून राहिली ना?"

"वाजते आहे."

"कशी वाजून राहिली, ते सांगा जरा."

मी कान देऊन ऐकलं, आणि मला एक शब्द सुचेना. नऊ वर्षांत मी त्या खोलीत चहा प्यालो होतो, त्यांचं तोंड पाहिलं होतं, मान डोलावली होती. झांज कधी मन लावून ऐकलीच नव्हती. ते माझ्या ओठांकडे बघत थांबले होते.

"चांगली," मी म्हणालो.

"ते तं तुमी आधी बी सांगतच होते," पुनारामभाऊ म्हणाले.