कुलूप लावलेली घरं

लातूर जिल्हा नवा झाला होता आणि दुष्काळ पडला होता, तेव्हाची गोष्ट. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. सरांनी चाकूरजवळच्या एका गावाची पाण्याची पाहणी माझ्यावर सोपवली, तेव्हा मी लगेच एक नवी वही आणली. पाहणीचा कागद तहसीलला जाणार होता. पाणी पुरतं असं निघालं, तर टँकर मिळणार नव्हता.

सगळ्या घरांना विचारायचं नव्हतं. घरनंबरांच्या चिठ्ठ्या उचलून निघतील तीच घरं घ्यायची होती. पण त्यातल्या बऱ्याच घरांना कुलूप होतं, म्हणून मी शेजारचं उघडं घर घेत गेलो.

एका ओसरीवर ज्वारी निवडणाऱ्या मावशींनी विचारलं, "काय लिहायलास रं?"

"नमुना घेतोय, मावशी. पाणी पुरतं का?"

"नमुना तर तूच दिसतोस!" त्या हसल्या. "आमची हाय जुनी विहीर, पुरतंय कसंबसं. शेजारच्यांना पुरंना, म्हणून तर ते गाव सोडून गेले. त्यांचं लिहिलंस का?"

मी वहीकडं पाहिलं. पाण्यावाचून गाव सोडलेल्यांच्या जागी मी पाणी असलेलेच लिहीत आलो होतो! लाज वाटली, पण त्याहून जास्त आनंद झाला. संख्याशास्त्राच्या पुस्तकात वाचलेली चूक मला माझ्याच वहीत सापडली होती.

मी पुन्हा पहिल्या कुलपापासून सुरुवात केली. कोण कुठं गेलं, का गेलं, ते शेजाऱ्यांना विचारून लिहिलं. संध्याकाळपर्यंत उत्तर पार उलटं झालं, आणि सरांना ते कधी एकदा दाखवतो असं मला झालं.