आठळी घरात ठेवणाऱ्या वहिनी

वहिनी पासवर्ड टाकायला बसल्या की बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करायचं, असा आमच्या मांडवीच्या घरातला नियम होता. त्यातून सासऱ्यांचीही सुटका नव्हती. आमचे अण्णा हातातला चहाचा कप सांभाळत मुकाट्याने वळायचे आणि थोड्या वेळाने विचारायचे, "सूनबाई, आता बघू का जगाकडे?"

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. मुंबईत एका बँकेच्या संगणक विभागातली नोकरी सोडून गावी आलेल्या. भाट्याच्या बागेतला हापूस विकायला आम्ही वेबसाईट काढली, तेव्हा तिचा सगळा कारभार आपसूक त्यांच्याकडे गेला. माझ्याकडे पेट्यांवर लेबलं चिकटवायचं काम आलं. तीही वाकडी.

वेबसाईटचं सुरक्षा सर्टिफिकेट दरवर्षी नवं घ्यावं लागे. ते नसलं की गिऱ्हाइकाला 'ही साईट सुरक्षित नाही' असा इशारा दिसतो आणि ते पळतं. आमचं सर्टिफिकेट गुप्त किल्लीसकट, म्हणजे साईट आपलीच आहे हे पटवणाऱ्या गुप्त आकड्यासकट, एकाच पीएफएक्स फाईलमध्ये यायचं. सर्व्हरला मात्र दोन्ही वेगवेगळ्या फाईलींत हवं असायचं.

"फणसासारखं आहे, भावोजी," वहिनी म्हणायच्या. "गरे आल्यागेल्याला द्यायचे. आठळी मात्र आपल्या घरातच ठेवायची."

म्हणजे सर्टिफिकेट जगाला दाखवायचं, किल्ली कुणालाही नाही. मला हे कळलं होतं. निदान तसं वाटत होतं.

एका मोसमात वहिनी माहेरी सावर्ड्याला गेल्या होत्या, म्हणून मी ते काम हौसेने अंगावर घेतलं. त्यांनी शिकवलेल्या ओळी टाइप केल्या आणि काय सांगू, किल्ली खरंच वेगळी निघाली! आता ही हरवली तर? आमच्याकडे रेशनकार्डापासून लग्नाच्या पत्रिकांपर्यंत सगळं कुटुंबाच्या ग्रुपवर जपलं जातं. मी किल्लीही तिथेच टाकली. खाली लिहिलं, "सर्वांनी सांभाळून ठेवा." अंगठे आले. मुंबईच्या आत्याने फुलांचा गुच्छ पाठवला. मग वहिनींचा फोन आला.

"भावोजी, ती किल्ली मेली. सर्टिफिकेट रद्द करायचं आणि दोन्ही नवीन घ्यायची."

"अहो, उद्यापासून बुकिंग सुरू! आणि ग्रुपवर सगळी घरचीच माणसं आहेत."

"घरची आहेत म्हणूनच पुढे पाठवतील."

दुपारच्या एसटीने त्या हजर. बुकिंग पुढे ढकललं. हातची गिऱ्हाइकं जाणार म्हणून मी कुरकुरत होतो.

"आंबा उशिरा मिळाला तर लोक थांबतात," त्या म्हणाल्या. "आपल्या नावाने कुणी खोटं दुकान थाटून त्यांना फसवलं, तर पुन्हा फिरकतील?"

रागावल्या मात्र नाहीत. मला खुर्चीत बसवलं आणि नवी किल्ली, नवं सर्टिफिकेट, सगळं पहिल्यापासून माझ्याच हातून करून घेतलं. थोडी गिऱ्हाइकं कुरकुरली, पण थांबली.

यंदा वहिनी लेकीकडे नाशिकला राहायला गेल्या. सर्टिफिकेटची मुदत संपत आली तेव्हा मी एकट्यानेच फाईल फोडून किल्ली वेगळी काढली, साईट चालू झाल्याची खात्री केली आणि त्यांना फोन लावला. किल्ली कुठे ठेवली, कुणाकुणाला दाखवली, अशी उलटतपासणी होणार म्हणून उत्तरं पाठ करून बसलो होतो.

"वहिनी, सर्टिफिकेट झालं."

"बरं. आंबा कसा आहे यंदा?"

एवढंच. इतक्या मोठ्या शाबासकीची सवय नसल्यामुळे, आंबा कसा आहे तेच मला क्षणभर आठवेना.