न बसवलेला थर्मोस्टॅट

लडाखच्या वर्कशॉपमध्ये मी हवालदार मेकॅनिक होतो आणि नाईक दत्ता आमच्याच केज तालुक्यातला, नांदूरघाटचा ड्रायव्हर. सकाळी फॉल-इनला रांगेत उभं राहण्याआधी प्रत्येक गाडीचं पाणी, पाइप आणि रेडिएटरचं झाकण तपासायचं, हे आमचं नित्याचं काम. नव्या ड्रायव्हरना मी एकच दम भरायचो. इंजिन तापलं की आतलं पाणी दाबाखाली असतं. झाकण उघडलं की उसळून तोंडावर येतं. वरच्या पाइपावर हात टिकेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही.

एकदा खिंडीत दत्ताचाच ट्रक तापला. मागे ट्रकांचा सगळा कॉन्व्हॉय अडकला. रेडिओवर मेजरसाहेब कडाडले, "कितनी देर?"

"पाइप पे हाथ टिकेगा तब, साहब. ओव्हर."

साहेब चिडले, पण दत्ता हलला नाही. त्याच हिवाळ्यात त्याच रस्त्याची कड खचली. शेजारच्या जवानाला त्याने दाराबाहेर ढकललं आणि स्वतः ट्रकसोबत नाल्यात गेला.

मी आता निवृत्त आहे. दत्ताची जुनी कार त्याचे वडील, तात्या, अजून जपतात. दरवर्षी बीडला आमच्याकडच्या शहिदांच्या नावांची हजेरी होते. नाव पुकारलं की घरच्यांनी उभं राहून 'हजर' म्हणायचं. तात्या आणि दत्ताची आई, काकू, त्याच गाडीने जातात, चालवतो मी. माझ्या शेजारच्या सीटवर कुणी बसत नाही. तिथे दत्ताची लष्करी टोपी असते.

यंदा गाडी तापू लागली. थर्मोस्टॅट, म्हणजे गरम पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, अडकून बसला होता. तात्या म्हणाले, "नवाच टाका." केजला तो मिळाला नाही. बीडहून मागवायचा मी कंटाळा केला. जुना काढून फेकला, नुसते बोल्ट आवळले आणि मोकळा झालो. आपल्या उन्हात तो लागतो कशाला, असं म्हणून इकडे सर्रास काढतात. तात्यांना मात्र सांगितलं, नवा बसवलाय.

हजेरीच्या दिवशी मांजरसुंब्याच्या अलीकडे चढ लागला आणि काटा लाल पट्ट्यात गेला. या इंजिनात थर्मोस्टॅट नसला की बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून आतल्या आतच फिरतं. हे मला ठाऊक होतं. निभावेल, असं धरून चाललो होतो.

गाडी कडेला घेतली. वेळ थोडा होता. मी बॉनेट उघडलं, फडकं गुंडाळलं आणि झाकणावर हात ठेवला. तात्यांनी माझं मनगट धरलं.

"कावून घाई करता? पाइपाला हात टिकू द्या की."

"हजेरी चुकेल, तात्या."

"चुकू द्या. दत्ता सांगायचा, आमच्या हवालदारसायबाचा हुकूम हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरगा माझा शब्द घरापर्यंत घेऊन आला होता, आणि मी तो रस्त्यावर टाकून दिला होता.

"तात्या, थर्मोस्टॅट बसवलाच नाही मी. खोटं बोललो."

तात्यांनी माझं मनगट सोडलं. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी पाइपाला हात लावून पाहत राहिलो; चटका बसायचा थांबत नव्हता.

"आता नावं घेत असतील," मागच्या सीटवरून काकू म्हणाल्या. त्यांनी पुढची टोपी उचलून पदरात घेतली आणि खाली उतरून रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. तात्यांनी चपला काढल्या आणि त्यांच्या शेजारी जाऊन थांबले. ट्रक धूळ उडवत जात होते.

"सायेब," तात्या माझ्याकडे न बघता म्हणाले, "नाव तुमी घ्या."

माझे हात काळे होते, डोकं उघडं होतं. टोपीशिवाय फौजेत सॅल्यूट करत नाहीत. तसाच सावधान झालो.

"नाईक दत्ता!"



"हाजर," दोघं म्हणाले.